पायरीवरचं तेल

मराठी मालिकेत गर्भपात कसा होतो, हे आपल्याला पाठ आहे. जिन्यावर तेल सांडलेलं असतं, नाहीतर दुधात काहीतरी कालवलेलं असतं. सून पडते, डॉक्टर मान हलवतात, कॅमेरा तीनदा जावेच्या चेहऱ्यावर जातो. पुढचे कित्येक भाग गुन्हेगार शोधण्यात जातात.

कथेला खलनायिका लागते, हे मान्य. पण या साच्याने एक खोटी समजूत पक्की केली आहे: गर्भ पडला, म्हणजे कुणीतरी तो पाडला. पडद्यावर ती जाऊ असते, घरात ती बाई स्वतःच असते. पपई खाल्लीस का? स्कूटीवर का बसलीस? प्रत्यक्षात लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे. हा बिघाड बहुधा गर्भ राहतानाच झालेला असतो. तिथे ना तेल असतं, ना पपई.

भाषाही गोंधळ वाढवते. आपोआप झालेला आणि करून घेतलेला, दोन्हींना आपण 'गर्भपात'च म्हणतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चौथ्या महिन्यापर्यंत 'गर्भस्राव' आणि त्यानंतर 'गर्भपात' असा निदान काळाचा तरी भेद होता. बोलीतलं 'पोट पडलं' जास्त प्रामाणिक आहे. त्यात पाडणारा कुणी नाही.

आता कर्जत-खालापूरकडे बघू. नितीन देसाईंनी २००५ साली खालापूर तालुक्यात, चौकजवळ स्टुडिओ उभारला. तिथे ऐतिहासिक मालिकांसाठी किल्ले आणि महाल बांधले गेले. याच भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे, तीही जोडप्याची मिळून. तिथे एखादीचं पोट पडलं, की मालिकेने कधीच न दाखवलेला भाग सुरू होतो: अनेक दिवसांचा रक्तस्राव, गर्भाचा अंश आत राहिला तर जंतुसंसर्ग आणि ताप, आणि थांबलेल्या हातांचा बुडालेला रोज.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती. पण प्रसूती लाभासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केल्याची अट होती. जिथे हिशेब नवऱ्याच्या नावावर लिहिला जातो, तिथे बाईचे ८० दिवस दाखवायचे कुठून?

मालिकांकडून वास्तववादाचा आग्रह धरू नये, असं म्हणतात. ठीक. पण गुन्हेगार शोधायचाच असेल, तर योग्य जागी शोधावा. गर्भ पडण्यात बहुतेक वेळा कुणाचाच हात नसतो. त्यानंतर तिला विश्रांती, दवाखाना आणि मजुरी मिळाली नाही, यात मात्र माणसांचा हात असतो. आपल्या मालिका वर्षानुवर्षं नेमकी उलटी चौकशी करत आल्या आहेत.