डेटा-प्रतिकृतीच्या क्षमतानियोजनातील सरासरीचा दोष : एक चिकित्सा

प्रस्तावना

एका केंद्रातील साठवण यंत्रणेवर लिहिला जाणारा डेटा दूरच्या दुसऱ्या यंत्रणेवरही लिहिला जावा, ही पद्धत १९९० च्या दशकात मोठ्या संस्थांमध्ये रुजली. बँका, शेअर बाजार व विमा कंपन्या आज तिच्यावर विसंबून आहेत. मात्र या प्रतिकृतीसाठी लागणाऱ्या क्षमतेचा हिशेब पुष्कळदा एकाच आकड्यावर उभा असतो. तो म्हणजे दिवसभरात बदलणाऱ्या डेटाची सरासरी. ही रीत अपुरी तर आहेच, शिवाय ती मूळ प्रश्न नजरेआड करते. क्षमता किती आहे यापेक्षा ती संपेल तेव्हा काय होईल, हा तो प्रश्न होय.

सरासरीचा भ्रम

दिवसाला ८६४ गिगाबाइट डेटा लिहिणाऱ्या एखाद्या काल्पनिक संस्थेचे उदाहरण घेता येईल. तिचा सरासरी वेग सेकंदाला १० मेगाबाइट भरतो. सावधगिरी म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे २० मेगाबाइट वेगाची वाहिनी घेतली, तर कागदावर निम्मी क्षमता शिल्लक दिसते. परंतु एकूण लेखनापैकी ४० टक्के लेखन दिवसअखेरच्या हिशेबाच्या एकाच तासात होत असेल, तर त्या तासातील वेग ९६ मेगाबाइट होतो. तास संपताना सुमारे २७४ गिगाबाइट डेटा पाठवायचा राहतो. डेटा लिहिला त्याच क्रमाने पाठवला जात असेल, तर तासाच्या अखेरची नोंद दूरच्या केंद्रात पोहोचण्यास सुमारे पावणेचार तास लागतात आणि तुंबलेल्या साठ्याचा पूर्ण निचरा होण्यास साडेपाच तास. पंधरा मिनिटांहून अधिक काळाचा डेटा गमावला जाणार नाही, असे या संस्थेचे धोरण असेल, तर ते रोज काही तास मोडलेलेच असते. सरासरीच्या तक्त्यात ते दिसत नाही एवढेच.

अंतराची मर्यादा

वाहिनीची रुंदी पैसे खर्चून वाढवता येते, अंतर कमी करता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटरच्या जाण्यायेण्यास एक मिलिसेकंद लागतो. समकालिक पद्धतीत दूरच्या केंद्राची पोच येईपर्यंत मूळ लेखन पूर्ण झालेले मानले जात नाही. मुंबई व चेन्नई यांच्यात हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. तेथे एकामागून एक होणारी लेखने सेकंदाला शंभरही होऊ शकणार नाहीत, मग वाहिनी कितीही रुंद असो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील वित्तीय नियामकांपुढे हाच पेच होता. २००२ च्या मसुद्यात त्यांनी दोन केंद्रांमध्ये २०० ते ३०० मैल अंतराची अट असावी काय, याबाबत मते मागवली. एप्रिल २००३ च्या अंतिम निवेदनात ठरावीक मैलांची अट घातली गेली नाही. तांत्रिकदृष्ट्या ही भूमिका समर्थनीय आहे. तथापि तिच्यामुळे निवडीचा भार संस्थांवर आला. केंद्र जवळ ठेवावे तर एकाच आपत्तीत दोन्ही सापडण्याचा धोका. दूर ठेवावे तर अखेरच्या काही नोंदी गमावण्याचा धोका. ही निवड तंत्रज्ञावर सोडून देण्याजोगी नाही.

मर्यादा ओलांडल्यावर

असमकालिक पद्धतीत तात्पुरता साठा भरला की दोनच मार्ग उरतात : मूळ लेखन रोखून धरणे किंवा प्रतिकृती थांबवणे. पहिल्यात ग्राहक खोळंबतो, दुसऱ्यात प्रत शिळी होते. प्रतिकृती थांबल्यावर यंत्रणा सहसा बदललेल्या भागांची केवळ खूण ठेवते. पुढे ते भाग मूळ क्रमाने पाठवले जात नाहीत, त्यामुळे मेळ पूर्ण होईपर्यंत दूरची प्रत निरुपयोगी ठरते. म्हणून मेळ सुरू करण्यापूर्वी तिची स्थिर प्रत काढून ठेवावी लागते व तिच्यासाठी स्वतंत्र जागा लागते. सरासरीवर बेतलेल्या आराखड्यात या जागेला स्थानच नसते.

दुव्याचा दोष मूळ केंद्रालाही कसा भोवतो, हे मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसले. दूरसंचार दुवे अस्थिर झाल्यानंतर ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले. ते ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दुवे दोन पुरवठादारांचे होते, परंतु ते बिघडल्यावर साठवण यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे काम केले नाही आणि जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली. दुव्यांची संख्या वाढवणे आणि दुवा तुटल्यावरचे वर्तन तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील बोध होय.

निष्कर्ष

सर्वाधिक भाराच्या तासाइतकी क्षमता प्रत्येक संस्थेला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तशी अपेक्षाही नाही. परंतु आराखड्यात सर्वाधिक भाराचा वेग, अंतरामुळे होणारा विलंब आणि खंडानंतर मेळ घालण्यास लागणारा वेळ व जागा यांचे आकडे स्वतंत्रपणे नोंदलेले असावेत. त्यांच्या जोडीला मर्यादा ओलांडल्यावर काम थांबवायचे की प्रत मागे पडू द्यायची, याचा निर्णय व्यवस्थापनाने आधीच घेऊन लिहून ठेवावा. तो आधी घेतला नाही, तर ऐन संकटात यंत्रणाच तो घेते आणि त्याची जबाबदारी मात्र कोणाचीच राहत नाही.