पाखरू माद्रिदला गेलं नाही

स्पॅनिशमध्ये लहान पक्ष्याला 'पाखारो' म्हणतात. वडनेरला घरी बसून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, आपलं पाखरू थेट माद्रिदला पोचलं! फॅमिली ग्रुपवर फिरायला एकदम फिट.

पण हे नातं खोटं आहे. 'पाखारो' आला लॅटिन 'पासेर'मधून, म्हणजे चिमणी. (चिमणीचं शास्त्रीय नाव आजही 'पासेर डोमेस्टिकस'च आहे.) जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार 'पासारो', मग 'पाशारो' झाला, तो घशातला 'ख' अलीकडच्या चार-पाच शतकांतला. पोर्तुगीज 'पासारु'नं 'स' अजून सोडलेला नाही. चिमणीचं नाव सगळ्या पाखरांना मिळालं आणि स्पेनमध्ये खुद्द चिमणीसाठी 'गोर्रियोन' हा वेगळा शब्द रूढ झाला. आपलं पाखरू 'पक्ष'मधलं, म्हणजे पंखातलं. 'क्ष'चा 'ख' आपल्याकडे प्राकृतातच झाला होता.

स्पेनमध्ये 'पाखारो'ला कुणी बिघडलेलं लॅटिन म्हणत नाही. लॅटिन 'हिरुंदो'ची फ्रेंचमध्ये 'इरोंदेल' झाली, इटालियनमध्ये 'रोंदिने', स्पॅनिशमध्ये तर 'गोलोंद्रिना'. त्या त्या भाषेत तेच पाकोळीचं खरं नाव.

मारुती चितमपल्ली (1932–2025) यांचा 'पक्षिकोश' चाळताना मला हे आठवत राहतं. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या माणसानं रानातल्या लोकांच्या तोंडची नावं वेचली आणि संस्कृत नावांच्या पंगतीला बसवली. कोशाचं मोल मला त्यात दिसतं. गडबड आपल्या वाचण्यात आहे. आपण कोश उघडतो, संस्कृत नाव उचलतो, ते 'शुद्ध' ठरवतो, आणि उरलेल्यांवर 'स्थानिक' असा शिक्का मारतो. पोस्टरवर 'कपोत' छापला की भारदस्त वाटतं. शिवारात तुरीच्या धुऱ्यावर बसतो तो मात्र कवडा.

आणि कवडा कोण? कपोताच्याच जातकुळीतला पक्षी की! पारावताचा पारवा, चक्रवाकाचा चकवा, मयूराचा मोर. ज्यांना आपण गावंढळ समजतो, ती त्याच घराण्यातली नावं आहेत, शेकडो वर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. मोर तेवढा शाळेच्या पुस्तकात पोचला, म्हणून त्याला कुणी हसत नाही.

तांबट, खाटीक, वेडा राघू ही तर माणसांवरून पाखरांना ठेवलेली नावं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज येतो, म्हणून तांबट. हे नाव ठेवणाऱ्याचा कान मला कुठल्याही पंडितापेक्षा तिखट वाटतो.