‘देवराई’ ते ‘कासव’ : जाणीव झाली, पुढे काय?

  आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मनाच्या आजारांवर तुम्ही काय बोलणार?" शंका रास्त आहे. उपचारांवर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे दोन मराठी चित्रपटांवर आणि ‘जनजागृती’ या शब्दावर. हा शब्द हल्ली आपण फार सैल हाताने वापरतो, असं माझं मत आहे.

दोन्ही चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे. ‘देवराई’ २००४ चा, स्किझोफ्रेनियावरचा. ‘कासव’ नैराश्यावरचा. त्याला २०१७ साली जाहीर झालेलं सुवर्णकमळ मिळालं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असतील. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी जरूर पाहावेत. मी आता जी तक्रार मांडणार आहे, ती या चित्रपटांबद्दल आदर असलेल्या माणसाची आहे.

आधी एक जुनी चौकट सांगतो, पुढे ती उपयोगी पडेल. योगसूत्रांवर व्यासभाष्य म्हणून जो ग्रंथ आहे, त्यात योगशास्त्राची तुलना वैद्यकाशी केली आहे. वैद्यकाचे भाग चार : रोग, रोगाचा हेतू, आरोग्य आणि भैषज्य. बौद्धांची चार आर्यसत्यंही याच साच्यात बसतात, हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवलं आहे. दुखणं आहे, त्याला कारण आहे, ते जाऊ शकतं, आणि ते जाण्याचा उपाय हा आहे. चौथा भाग नसेल तर पहिल्या तिघांचं काय होतं? माणसाला फक्त एवढं कळतं की आपल्याला दुखणं आहे, इतरांचं ते बरं होतं, आणि आपलं होत नाहीये. हे न कळण्यापेक्षा बरं आहे की वाईट, ते तुम्हीच ठरवा.

आता ‘देवराई’. अतुल कुलकर्णींचा शेष आठवा. कोकणातलं घर, देवराईचा ध्यास, आणि हळूहळू तो ध्यास आणि भास यांतली सीमारेषा पुसली जाणं. या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला काय दिलं, हे समजायला त्याआधीची आपली भाषा आठवावी लागेल. पुण्यात "याला येरवड्याला पाठवा", मुंबईत "ठाण्याला पाठवा". कोकणात रत्नागिरी आणि विदर्भात नागपूर. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात या चार ठिकाणी, आणि चारही गावांची नावं विनोदात गेलेली. या विनोदाचा अर्थ नीट बघा. मनाच्या आजाराचा इलाज कुठे होतो, तर लांब, भिंतीपलीकडे, आणि तिथून माणूस परत येत नाही. ‘देवराई’ने तो माणूस भिंतीपलीकडून काढून बैठकीच्या खोलीत आणून बसवला. त्याचे भास आपल्याला आतून दाखवले. हे मोठं काम होतं.

पण मला शेषपेक्षा सीना जास्त महत्त्वाची वाटते. सोनाली कुलकर्णींनी केलेली बहीण. भाऊ आजारी, स्वतःचा संसार आहे, आणि तिची ओढाताण चित्रपट लपवत नाही. तिला देवी करत नाही. इथपर्यंत उत्तम. माझी तक्रार पुढची आहे. सीना शहरात राहते, शिकलेली आहे, तिला डॉक्टर गाठता येतो. हे सगळं चित्रपटात इतकं सहज येतं की आपल्या लक्षातही येत नाही. भैषज्य पार्श्वभूमीला आहे, घरातल्या नळासारखं. तोटी फिरवली की पाणी येणारच.

ज्यांच्याकडे नळ नाही त्यांचं सांगतो. मी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवत होतो तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. घरच्यांनी देवऋषीकडे नेलं नाही, कोंडून ठेवलं नाही. निदान झालं होतं, गोळ्यांनी गुणही येत होता. म्हणजे जागृती शंभर टक्के. पण मनाच्या डॉक्टरांची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस. दोन एसट्या बदलून यायचं, आईची त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि खिडकीवर कळायचं की गोळी संपली आहे, बाहेरून घ्या. असं तीन-चार वेळा झालं की गोळ्यांत खंड पडायचा, आजार उलटायचा, आणि मग गावात म्हणायचे, "बघा, औषधाने काही होत नाही." मी त्या मुलाला पुष्कळ धीर दिला. त्याला धीर नको होता हो, गोळी हवी होती.

आता ‘कासव’कडे येतो. जगण्याला विटलेला एक तरुण समुद्रकाठच्या एका घरात येऊन पडतो. जानकी, म्हणजे इरावती हर्षे, स्वतः अशा काळोखातून गेलेली. ती त्याला ठेवून घेते आणि प्रश्न विचारत नाही. नाव, गाव, कारण, काही नाही. न विचारण्याची ही सभ्यता मराठी पडद्यावर मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आलोक राजवाडेने त्या मुलाचा चिडचिडेपणा जसा दाखवला आहे, तोही खरा. नैराश्य आलेला माणूस गोड वागेल अशी आपली उगाच अपेक्षा असते.

आणि मग ते रूपक. कासवीण वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते, पिल्लं स्वतःच्या बळावर पाण्याकडे सरकतात. त्यांना उचलून पाण्यात टाकायचं नाही, वाट मोकळी ठेवायची. मनाच्या शुश्रूषेसाठी याहून चांगली प्रतिमा सापडणं कठीण. पण मंडळी, प्रतिमा निवडली की तिचा सगळा हिशेब द्यावा लागतो. कोकण किनाऱ्यावर कासवं वाचतात ती कशी? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे. हंगामात गावातली माणसं पहाटे किनारा चालतात, कासविणीच्या पावलांच्या खुणा शोधतात, अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात, दिवस मोजतात, नोंदी ठेवतात. त्यांना कासवमित्र म्हणतात. संस्था आहे, गाव आहे, वनखातं आहे. चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांचे दत्ताभाऊ हेच काम करतात. म्हणजे एकाच चित्रपटात कासवाच्या पिल्लासाठी एक व्यवस्था आहे, आणि त्या मुलासाठी? त्याच्यासाठी जानकी आहे. ती त्याला भेटली हा योगायोग आहे. नसती भेटली तर?

यावर कोणी म्हणेल, कलाकृतीकडून आरोग्यखात्याचा अहवाल कशाला मागता? मागत नाही. ‘कासव’ने करुणा दाखवली, तिचं काम तिथे पूर्ण होतं. आक्षेप आपल्यावर आहे, म्हणजे आपण या चित्रपटांचं जे करतो त्यावर. दहा ऑक्टोबर आला की खेळ लावायचा, डोळे पुसायचे, "बोला, मन मोकळं करा" असा फलक लावायचा आणि झाली जनजागृती. कांटचं एक तत्त्व आम्ही वर्गात शिकवायचो : जे करणं शक्यच नाही, ते कोणाचं कर्तव्य असू शकत नाही. जिथे ऐकणारा नाही तिथे "बोला" म्हणणं म्हणजे पार न पाडता येणारं कर्तव्य आजाऱ्याच्या गळ्यात बांधणं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. ही सगळी माणसं अडाणी किंवा अंधश्रद्ध आहेत, असं मानणं फार सोयीचं आहे.

माणसांसाठी कासवमित्र असू शकतात का? असू शकतात, आणि तेही आपल्याच राज्यात झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गोव्यातल्या ‘संगाथ’चा त्यात पुढाकार होता. शेतकरी आत्महत्यांचा तो टापू. तिथे स्थानिक माणसांनाच शिकवून समुपदेशनाला लावलं, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायची साखळी बांधली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षांनंतरच्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्के झालं. आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. सत्तावीस म्हणजे काही शंभर नव्हेत. पण चारावरून सत्तावीसवर येणं फलकांनी होत नाही. त्याला दारापर्यंत चालत येणारं माणूस लागतं.

कायद्यातही हे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ उपचार मिळणं हा हक्क मानतं. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळायला हवीत. जिल्ह्यात सरकारी सेवा पुरेशी नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने उचलायचा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या वेळी हा कायदा नव्हता. आज आहे, आणि तरी आपल्या जागृतीच्या कार्यक्रमांत कलम १८ मी क्वचितच ऐकतो. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मात्र हल्ली सांगतात, चांगलं आहे. रात्री दोन वाजता कोणीतरी फोन उचलणं ही लहान गोष्ट नाही. पण फोनवर ऐकून घेतल्यावर सकाळी त्या माणसाला कुठे पाठवणार, हा प्रश्न तालुक्यातच सुटायचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कासव’चा खेळ लावाल, तर चित्रपटानंतर माझ्यासारख्या वक्त्याला बोलावू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि दोन आशाताईंना बोलवा, आणि अगदी साधं विचारा. मनाच्या आजारांवरच्या कोणत्या गोळ्या आज तुमच्या केंद्रात आहेत? मागच्या सहा महिन्यांत त्या किती वेळा संपल्या? डॉक्टर कुठल्या वारी येतात, आणि त्या वारी आमच्या गावाहून एसटी आहे का? ‘देवराई’ पाहून रडलेली शंभर माणसं समोर बसलेली असतील. त्यांच्यासमोर या प्रश्नांची उत्तरं टाळणं तितकं सोपं जाणार नाही.

मला दिलेली वेळ संपली. हात वर झालेले दिसताहेत. तिकडे मागे बसलेल्या बाई, तुम्ही बोला आधी.