परीक्षाभय आणि संमोहनोपचार : काही दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

परीक्षेचा हंगाम जवळ आला की अनेक महाविद्यालयांच्या फलकावर वेळापत्रकाच्या शेजारी आणखी एक कागद दिसू लागतो. परीक्षेची भीती घालवून स्मरणशक्ती वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या संमोहन-शिबिराची ती जाहिरात असते. शिबिर बहुधा दोन-अडीच तासांचे असते, सभागृहात भरते आणि त्याला दोन-तीनशे विद्यार्थी बसवले जातात. पुढे विद्यार्थी-कल्याणाच्या अहवालात त्याची नोंद होते आणि मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे छायाचित्रासह ती ठेवली जाते. अशा उपक्रमाची टवाळी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. संमोहनोपचार ही दीर्घकाळ अभ्यासली गेलेली पद्धती आहे आणि परीक्षाभय ही खरीखुरी व्यथा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या वर्षात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. या सर्व मृत्यूंचे कारण परीक्षा हेच होते, असे अर्थातच म्हणता येणार नाही. परंतु ज्या वयोगटाशी आपला रोजचा संबंध आहे, त्याच्या मनःस्वास्थ्याविषयी कोणताही उपाय योजताना तो तपासून घेण्याची जबाबदारी प्राध्यापकवर्गावर येते, एवढे या आकड्यावरून निश्चित म्हणता येते. या पद्धतीबाबत सिद्ध काय झाले आहे आणि सभागृहात सांगितले काय जाते, या दोहोंतील अंतर पाहणे एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

संज्ञेचा गोंधळ

‘संमोहन’ हा शब्द आपल्याकडे महाभारतातून आला आहे. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्राने कौरवसेनेला निश्चेष्ट करतो. त्यामुळे मराठी मनात या शब्दाला दुसऱ्याची इच्छाशक्ती हिरावून घेण्याचा अर्थ कायमचा चिकटलेला आहे, आणि वशीकरणाशीही त्याचे नाते सहज जोडले जाते. युरोपातील संज्ञाही निर्दोष नाही. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी 1843 मधील आपल्या ग्रंथात निद्रावाचक ग्रीक शब्दापासून ती रूढ केली. या अवस्थेचा निद्रेशी फारसा संबंध नाही, हे पुढे त्यांच्याच लक्षात आले आणि 1847 मध्ये त्यांनी ‘मोनोआयडिझम’, म्हणजे एकाच कल्पनेवर चित्त स्थिरावणे, असा पर्याय सुचवला. तो रुजला नाही. वस्तुतः ब्रेड यांचा दुसरा शब्दच अधिक अचूक होता. अवधान एका ठिकाणी आणणे, शरीर शिथिल करणे आणि त्या स्थितीत दिलेल्या सूचना स्वीकारणे, एवढीच या प्रक्रियेची साधी मांडणी करता येते.

ब्रेड यांच्याही आधी, 1784 मध्ये, फ्रान्झ मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने आयोग नेमला होता. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्याचे सदस्य होते. आयोगाने काही व्यक्तींचे डोळे बांधून प्रयोग केले. चुंबकन होत आहे असे ज्यांना वाटले त्यांच्यात परिणाम दिसले, आणि प्रत्यक्ष चुंबकन होऊनही ज्यांना ते कळले नाही त्यांच्यात दिसले नाहीत. परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, हा आयोगाचा निष्कर्ष सामान्यतः मेस्मर यांच्या पराभवाची कथा म्हणून सांगितला जातो. मात्र कल्पनाशक्ती शरीरावर इतका परिणाम घडवू शकते, ही गोष्टही त्याच प्रयोगांतून प्रथमच पद्धतशीरपणे पुढे आली, याकडे दुर्लक्ष होते.

भारताचा या इतिहासातील वाटा आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येतो. बंगालमध्ये हुगळी येथे 1845 पासून जेम्स एस्डेल यांनी मेस्मर-पद्धतीने वेदनाशमन करून अनेक शस्त्रक्रिया केल्या आणि 1846 मध्ये कलकत्त्यात त्यांच्यासाठी छोटे रुग्णालयही सुरू करण्यात आले. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. एस्डेल यांची सुरुवात तुरुंगाच्या रुग्णालयात, एका बंदिवानावर झाली होती, हे येथे विसरता कामा नये. नकार देण्याची ज्याला सोय नव्हती, त्याच्यावर ही पद्धत आपल्या देशात प्रथम वापरली गेली. हजेरीच्या भीतीने सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्याची तुलना बंदिवानाशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण संमतीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

परीक्षाभयाची दोन अंगे

परीक्षाभयाचा आधुनिक अभ्यास 1952 मध्ये जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरॅसन यांच्यापासून सुरू होतो. त्यानंतर 1960 मध्ये अल्पर्ट आणि हेबर यांनी कामाला लावणारी चिंता आणि काम अडवणारी चिंता असा भेद केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद मात्र 1967 मधील लिबर्ट आणि मॉरिस यांचा आहे. त्यांच्या मते या भयाला दोन अंगे असतात. हात गार पडणे, तोंडाला कोरड पडणे, छातीत धडधडणे हे शारीरिक-भावनिक अंग होय. ‘मला काहीच येत नाही, बाकीचे पुरवण्या मागत आहेत, घरी काय सांगू’ ही मनात चाललेली अखंड बडबड हे दुसरे, काळजीचे अंग होय. गुण घटण्याशी अधिक घट्ट संबंध या दुसऱ्या अंगाचा असल्याचे नंतरच्या संशोधनात वारंवार दिसून आले आहे. मन एकाच वेळी प्रमेय सिद्ध करू शकत नाही आणि स्वतःवर खटलाही चालवू शकत नाही.

हा भेद मान्य केला की संमोहनोपचाराकडून कोणती अपेक्षा करावी हेही स्पष्ट होते. शिथिलीकरणाचा हात पहिल्या अंगापर्यंत सहज पोहोचतो. दुसऱ्या अंगासाठी त्या मुलाच्या मनात चालू असलेली नेमकी वाक्ये कोणीतरी ऐकून घ्यावी लागतात. दोनशे जणांची वाक्ये एकाच ध्वनिक्षेपकावरून कशी ऐकणार?

पुरावा काय सांगतो

या पद्धतीच्या बाजूने पुरावा नाही असे नाही. व्हाइटहाऊस आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील 35 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 21 जणांना स्वसंमोहन शिकवण्यात आले होते. परीक्षेच्या काळात त्यांनी इतरांपेक्षा कमी त्रास आणि कमी चिंता नोंदवली. रोगप्रतिकारक्षमतेच्या मोजमापांत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पुढे 2001 मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय व दंतवैद्यकीय शाखेच्या 33 विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात प्रतिकारक्षमतेतील परीक्षाकालीन घसरण संमोहन-शिथिलीकरण शिकलेल्या गटात रोखली गेल्याचे दिसले आणि ज्यांनी सराव अधिक केला त्यांना लाभही अधिक झाला. दोन अभ्यासांचे निष्कर्ष एका मुद्द्यावर परस्परविरोधी आहेत. नमुनेही लहान आहेत. शिवाय दुसऱ्या अभ्यासातील विद्यार्थी संमोहनक्षमता पाहूनच निवडलेले होते. तरीही काही विद्यार्थ्यांना यातून आराम मिळतो, हे नाकारणे दुराग्रहाचे होईल.

आराम मिळाला म्हणून गुण वाढतात काय, या प्रश्नाचे उत्तर संशयवाद्यांना वाटते तितके नकारात्मक नाही. रे हेम्ब्री यांनी 1988 मध्ये परीक्षाभयावरील 562 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपचारांनी भय कमी झाले तेथे कामगिरीतही सुधारणा आढळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा ‘भीती गेली तरी मार्क तेवढेच’ हे आपल्या स्टाफरूममध्ये ऐकू येणारे मत टिकणारे नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. वरील दोन्ही अभ्यासांत विद्यार्थी एक कौशल्य शिकले, ते त्यांनी घरी पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि ते परीक्षेपर्यंत सोबत नेले. एका दुपारच्या शिबिराला या पुराव्याचा आधार घेता येत नाही. पोहण्याचे फायदे सांगणाऱ्या संशोधनावर तलावाचे दर्शन घडवणाऱ्या सहलीची जाहिरात करावी, तसा हा प्रकार आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप संमोहनक्षमतेविषयी आहे. वाइत्सेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी 1959 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मापनश्रेणी तयार केल्यापासून हे स्पष्ट झाले आहे की सूचनांना प्रतिसाद देण्याची क्षमता व्यक्तिगणिक भिन्न असते. फार उच्च प्रतिसाद देणारे साधारणतः 10 ते 15 टक्के असतात, जवळजवळ तितकेच अत्यल्प प्रतिसाद देणारे असतात, उरलेले मधले. म्हणजे दोनशेच्या सभागृहात वीस-पंचवीस विद्यार्थी असे असणार की ज्यांना काहीच जाणवणार नाही. शेजारचा डोळे मिटून शांत झाला आहे, मंचावर बोलावलेल्याचा हात आपोआप वर जात आहे आणि आपल्याला मात्र पंख्याचा आवाज ऐकू येत आहे! हा विद्यार्थी बाहेर पडताना कोणता निष्कर्ष काढेल? आपल्या अपयशांच्या यादीत तो आणखी एक भर घालील. सर्वाधिक भ्यालेला विद्यार्थीच येथे सर्वाधिक दुखावला जाण्याची शक्यता आहे, आणि शिबिरानंतरच्या अभिप्राय-पत्रकात तो हे लिहिणार नाही.

दुसरा आक्षेप स्मरणशक्तीच्या दाव्यावर आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ‘वाचलेले सर्व तुमच्या अंतर्मनात साठलेले आहे, प्रश्न पाहताच ते आठवेल’ अशा धाटणीची सूचना या शिबिरांत हमखास दिली जाते. संमोहनाने स्मरण सुधारते काय, याचा कसून अभ्यास न्यायालयीन साक्षींच्या संदर्भात झाला आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वैज्ञानिक समितीने 1985 मध्ये दिलेल्या अहवालानुसार संमोहनाखाली ‘ताजी’ केलेली आठवण अधिक विश्वासार्ह नसते. तिच्यात चुका आणि मनाने भरलेले तपशील शिरतात. व्यक्तीची खात्री वाढते, अचूकता वाढेलच असे नाही. साक्षीदाराबाबत जे धोकादायक ठरले, ते परीक्षार्थ्याबाबत उपकारक कसे ठरेल? अभ्यास अपुरा असलेल्या मुलाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अशी खात्री देणे म्हणजे त्याच्याकडे उरलेले सात दिवसही काढून घेणे होय.

ब्रिटनमध्ये 1952 च्या कायद्याने संमोहनाच्या सार्वजनिक प्रयोगांवर नियंत्रण आणले असून आज 18 वर्षांखालील व्यक्तीवर असा प्रयोग करण्यास तेथे मनाई आहे. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयाखालचे असतात. मंचावरील प्रयोग आणि उपचार यांतील सीमारेषा आपण मात्र आयोजकाच्या मर्जीवर सोडलेली आहे.

सूचना कोणाच्या?

संमोहनशास्त्रात उपचारकाच्या शब्दांना मराठीत ‘सूचना’ म्हणतात. आपल्या प्रश्नपत्रिकेवर पहिला शब्द छापलेला असतो तोही ‘सूचना’ हाच. हा केवळ शब्दांचा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दहावी-बारावीपासून विद्यार्थी सतत सूचना ग्रहण करत आलेला असतो: हे वर्ष आयुष्याला वळण देणारे आहे, यंदाचा निकाल घसरला तर पुढचे दरवाजे बंद, अमुक विषयात दरवर्षी निम्मी मुले जातात. त्या अधिकारवाणीने दिल्या जातात, वारंवार दिल्या जातात आणि ऐकणारा थकलेला असताना दिल्या जातात. सूचना प्रभावी होण्यास लागणाऱ्या सर्व अटी येथे आपण नकळत पुऱ्या करत असतो. वर्षभर भीतीची सूचना द्यावयाची आणि शेवटच्या आठवड्यात बाहेरून माणूस बोलावून ती उतरवून घ्यावयाची, ही विसंगती शिबिराच्या आयोजनात दडलेली आहे.

परीक्षेची रचना भयावर कसा परिणाम करते याचे एक साधे उदाहरण राज्य मंडळाच्या परीक्षेतच आहे. पूर्वी प्रश्नपत्रिका निर्धारित वेळेच्या 10 मिनिटे आधी वाचावयास मिळत असे. प्रश्न समाजमाध्यमांवर फुटण्याच्या प्रकारांमुळे 2023 च्या परीक्षेपासून ही सवलत बंद करून 10 मिनिटे शेवटी वाढवून देण्यात आली. गोपनीयतेच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय असेल. परंतु भ्यालेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सुरुवातीची 10 मिनिटे आणि शेवटची 10 मिनिटे समान नाहीत. पहिल्या मिनिटांत धडधड ओसरते आणि येणारा प्रश्न सापडतो. महाविद्यालयीन अंतर्गत परीक्षांत ही सवलत देण्यास आपल्याला कोणीही अडवलेले नाही, आणि तिला मानधनही लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. ‘टेलि-मानस’ची 14416 ही दूरध्वनीसेवाही 2022 पासून उपलब्ध आहे. स्वसंमोहन शिकवण्याची पात्रता असलेला समुपदेशक जून-जुलैपासून आठवड्याला एक तास आठ-दहा इच्छुक विद्यार्थ्यांसोबत बसला, तर वर उल्लेखिलेल्या संशोधनाशी काही नाते सांगता येईल. अशा व्यक्तीची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे काय, विद्यार्थ्याने मध्येच उठून जाण्यास मुभा आहे काय, ज्याला काहीच जाणवले नाही त्याच्याशी नंतर कोण बोलणार आणि स्मरणशक्तीविषयी नेमकी कोणती वाक्ये उच्चारली जाणार, हे परवानगीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारावे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.