हंसाबाईंची मिळकत

नटीची श्रीमंती म्हटली की आपण दागिने, मोटारी नि बंगले मोजू लागतो. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) वाचल्यावर वाटते, पैसा किती आला यापेक्षा तो कोणाच्या हाती राहिला, हे आधी विचारावे.

साळगावकरांची रतन 'विजयाची लग्ने' (१९३६) या बोलपटात आली, ती घर चालावे म्हणून. पुढे 'संत सखू' (१९४१) झाला, 'रामजोशी' (१९४७) गाजला, आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकला. घर बाईंच्या कमाईवर उभे, आणि हुकूम मात्र दुसऱ्याचा! मध्यंतरी तर ही नामवंत नटी मराठवाड्यातल्या एका खेड्यात चार भिंतींआड राहिली.

शब्दांकन अरुण साधूंचे. पण बाईंचा बोलता सूर त्यांनी मोडला नाही, हा मोठा गुण. या निवेदनात तक्रार आहे, रडगाणे नाही. स्वतःलाही त्या सोडत नाहीत. याच कथेवर बेतलेल्या श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'त (१९७७) स्मिता पाटील यांचे काम अजोड आहे. तरीही चित्रपटात बाई दिसते. पुस्तकात ती स्वतः बोलते.

आम्हा परभणीकरांना याचे मोल सांगायला नको. गंगाखेडच्या जनाबाई दुसऱ्याच्या घरी राबल्या. अभंग मात्र त्यांच्याच नावाने उरले. हंसाबाई १९७१ साली गेल्या. त्यांचेही हे बोलणेच मागे राहिले. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मिळवत्या मुलीच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. आणि तिच्या वडिलांनीही ते वाचावे.