दोन ठेवे आणि एक बखर : धातुशोधक यंत्राच्या साक्षीची परीक्षा

धातुशोधक यंत्र हातीं घेऊन सुटीच्या दिवशीं शेतें धुंडाळणाऱ्या हौशी लोकांनीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंग्लंडांत जे ठेवे उजेडांत आणिले, त्यांचीं वर्णनें आपल्याकडील संग्राहकही मोठ्या कौतुकानें वाचतात. या कौतुकांत सोन्याच्या वजनास व ठरलेल्या किंमतीस पहिलें स्थान मिळतें; ठेवा भूमींतून कसा निघाला, हा प्रश्न बहुधा मागें पडतो. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तोच प्रश्न पहिला होय. म्हणून अशा तीन ठेव्यांची साक्षीदार या नात्यानें परीक्षा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम जो कसोटी म्हणून धरावा असा ठेवा घेऊं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधण्याकरितां त्याचा स्नेही, एक निवृत्त माळी, यंत्र घेऊन शेतांत उतरला. हातोड्याऐवजीं रुप्याचे चमचे, सोन्याचे दागिने व नाणीं हातीं लागूं लागलीं. कांहीं वस्तु वर काढल्यावर त्यानें उकरणें थांबविलें व खबर दिली. दुसऱ्याच दिवशीं परगण्याच्या पुरातत्त्वज्ञांनीं उरलेला भाग रीतसर खणला. सुमारें पंधरा हजार रोमन नाणीं व सुमारें दोनशें सोन्यारुप्याच्या वस्तु निघाल्या. एवढी मोजदाद कोणत्याही सराफास करितां आली असती. परंतु बराच भाग जागच्या जागीं राहिल्यामुळें सारा ऐवज एका लांकडी पेटींत होता, पेटींत आणखी लहान पेट्या होत्या, त्यांना रुप्याचीं चिमुकलीं कुलपें होतीं आणि कांहीं वस्तु गवतांत व वस्त्रांत जपून ठेविल्या होत्या, हेंही कळून आलें. यावरून ही घाईनें फेंकलेली लूट नव्हे, एखाद्या श्रीमंत घराण्याची निगुतीनें बांधून ठेविलेली मत्ता होय, असें अनुमान काढितां येतें. सर्वांत उशिराच्या नाण्यांवरून ती इ. स. ४०७ नंतर पुरली गेली हेंही ठरतें. तींत मिरपुडीच्या चार रुपेरी डब्या आहेत. ती मिरी त्या काळीं मलबारच्या किनाऱ्यावरून रोमन जगांत जात असे. शेतकऱ्याचा हातोडाही पुढें सांपडला व ठेव्याबरोबर ब्रिटिश म्यूझियममध्यें जाऊन बसला.

आतां मुख्य तुलनेकडे वळूं. नवव्या शतकाच्या उत्तरार्धांतील इंग्लंडचा इतिहास पुष्कळ अंशीं अँग्लो-सॅक्सन बखरीवर उभारलेला आहे. ही बखर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या कारकीर्दींत सिद्ध झाली. शेजारच्या मर्सिया राज्याचा धनी केओलवुल्फ यास तिनें वायकिंगांनीं गादीवर बसविलेला मूर्ख सरदार म्हणून दोन शब्दांत निकालांत काढिलें आहे. एका दरबारच्या छायेंत लिहिलेल्या बखरीनें दुसऱ्या दरबारास असें वागवावें, यांत मराठी वाचकांस नवल वाटणार नाहीं. बखरींपेक्षां अस्सल कागदास अधिक मान द्यावा, हा धडा कै. राजवाड्यांनीं १८९८ पासून छापलेल्या साधनखंडांनीं आपणांस दिलाच आहे.

येथें अस्सल कागदाचें काम नाण्यांनीं केलें. २०१५ च्या ऑक्टोबरांत ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ एका हौशी शोधकास रुप्याचा ठेवा लागला. त्यानें तो उपसला नाहीं, अधिकाऱ्यास कळविलें. मातीच्या गोळ्यासकट ठेवा उचलून ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेंत नेला व तेथें सावकाश मोकळा केला. त्यांत १८६ नाणीं, रुप्याच्या १५ लगडी व कांहीं दागिने होते. नाणीं आल्फ्रेड व केओलवुल्फ या दोघांचींही आहेत. कांहींवर जुन्या रोमन नाण्याच्या धर्तीवर दोन सम्राट् शेजारीं शेजारीं बसलेले दाखविले असून, हा प्रकार दोन्ही राजांच्या नांवें पाडलेला आहे. एकाच छापाचीं नाणीं दोन राज्यांत दोन नांवांनीं पडतात, तेव्हां उभयतांमध्यें करार असलाच पाहिजे. ज्यास बखरकारानें मूर्ख ठरविलें, तो आल्फ्रेडच्या बरोबरीनें टांकसाळ चालवीत होता. हा ठेवा २०१७ सालीं अ‍ॅश्मोलियन संग्रहालयानें १३ लक्ष ५० हजार पौंडांस घेतला.

त्याच २०१५ सालीं, अवघे चार महिने आधीं, हेरफर्डशायरमध्यें लेम्स्टरजवळ दुसरा ठेवा निघाला होता. काळ तोच, राजे तेच, नाण्यांचे छापही तेच. शिवाय सोन्याची आंगठी, कडें आणि नाण्यांहून कित्येक शतकें जुनें असें सोन्यांत मढविलेलें स्फटिकाचें पदक. परंतु शोधणाऱ्या दोघांनीं खरी वर्दी दिली नाहीं व ठेवा गुपचूप विकावयास काढिला. त्यांच्या दूरध्वनीयंत्रांतून पुसून टाकिलेलीं छायाचित्रें पोलिसांनीं परत मिळविलीं, तेव्हां मूळ नाणीं सुमारें ३०० असावींत असा अदमास झाला. २०१९ सालीं त्यांस शिक्षा झाली, तोंवर ३१ नाणीं हातीं आलीं होतीं. याच ठेव्यांतील मानलीं जाणारीं आणखी ४४ नाणीं विकूं पाहणाऱ्या दोघांस २०२३ मध्यें शिक्षा झाली. बाकीचीं अद्याप बेपत्ताच आहेत.

संग्राहक म्हणेल, नाणीं तर तींच. मग इतिहासाचें काय गेलें? आमचें उत्तर असें. वॉटलिंग्टनच्या ठेव्यास आपण विचारूं शकतों कीं, आल्फ्रेडचीं नाणीं किती व केओलवुल्फचीं किती. सर्वांत उशिराचें नाणें कोणतें व त्यावरून पुरण्याचा काळ कोणता. लेम्स्टरच्या ठेव्यास यांपैकीं एकही प्रश्न निश्चिंतपणें विचारतां येत नाहीं. एखादा छाप त्यांत दिसत नसेल, तर तो मुळांतच नव्हता कीं विकला गेला, हें सांगणार कोण? काळ ठरविणारें शेवटचें नाणें कदाचित् बेपत्त्यांतच असेल. राहिलेलें प्रत्येक नाणें खरें आहे. तरी सगळीं मिळून ठेवा होत नाहीं. रुमालांतून सुटा झालेला कागद अस्सल असूनही दुबळा होतो, तसाच हा प्रकार. हा ठेवा खुद्द केओलवुल्फच्या मुलखांतला, म्हणून हानि अधिकच मोठी.

यावरून यंत्रच निषिद्ध करावें, असें म्हणणारांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. वरील तिन्ही ठेवे यंत्राविना नांगराखालीं चिरडत राहिले असते, आणि त्या रानांत खणावयास कोणी विद्वान् गेला नसता. इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यानें अशा ठेव्यांची वर्दी देणें बंधनकारक केलें व १९९७ पासून सुट्या वस्तूंचीही नोंद घेण्याची व्यवस्था सुरू झाली. तींत पंधरा लाखांवर वस्तु नोंदल्या गेल्या आहेत. हॉक्सनचा माळी आणि लेम्स्टरचे दोघे यांच्या हातीं यंत्र एकाच जातीचें होतें. भेद पडला तो फावडें केव्हां थांबलें, एवढ्यावरून.

आमच्या संग्राहकांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें दहा रुपयांवरील ठेवा सांपडल्यास कलेक्टरास वर्दी देण्यास सांगितलें, आणि त्या वर्दींत किंमतीबरोबर ठिकाण व तारीख मागितली. कायद्यानें जें मागितलें तें आपल्या पेट्यांतील किती नाण्यांपाशीं लिहिलेलें आढळेल? सराफाकडून ओंजळभर शिवराया घेतांना त्या कोणत्या गांवच्या, कोणत्या भांड्यांतल्या, बरोबर आणखी काय होतें, हें विचारून चिठ्ठीवर टिपून ठेवण्यास फार श्रम पडत नाहींत. विकणारा सांगण्यास कां कूं करूं लागला, तर तें नाणें त्याच्याच हातीं राहूं द्यावें आणि कलेक्टरास कळवावें. अशानें आपल्या संग्रहांत चार नाणीं कमी पडतील. पण जीं असतील त्यांची साक्ष तरी उलटतपासणींत टिकेल.