झोपताना म्हणायचे वाक्य कोणत्या भाषेतले?

स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे तर स्वप्न आहे' असे कळणे हा अनुभव पुष्कळांना एखाद-दुसऱ्या वेळी आलेला असतो. डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक व्हान ईडन यांनी १९१३ मध्ये अशा स्वप्नांना 'ल्युसिड' हे विशेषण लावले. स्वप्नातले चित्र स्पष्ट दिसते, असा त्याचा अर्थ नव्हे. पाहणारा भानावर असतो, असा आहे. म्हणून आपण त्यांना 'सभान स्वप्ने' म्हणू.

अशी स्वप्ने प्रयत्नाने पडू शकतात का? स्टीफन लाबर्ज आणि हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचे 'एक्सप्लोरिंग द वर्ल्ड ऑफ ल्युसिड ड्रीमिंग' (१९९०) हे पुस्तक याच प्रश्नाला वाहिलेले आहे. त्यातली मुख्य पद्धत थोडक्यात अशी : पहाटे जाग आली की नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली एखादी विसंगत गोष्ट हेरायची, आणि पुन्हा झोपी जाताना मनाशी ठरवायचे, की यापुढे स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मी ओळखीन. हे ठरवण्याचे वाक्य झोप लागेपर्यंत मनात घोळवायचे.

या वाक्याला आता सर्रास 'मंत्र' म्हटले जाते. मग दोन-तीन भाषा वापरणाऱ्यांपुढे प्रश्न येतो, की मंत्र कोणत्या भाषेत म्हणायचा? घरी अहिराणी किंवा मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी आपल्याकडच्या कितीतरी मुलांची व शिक्षकांची स्थिती असते. मातृभाषा 'अंतर्मनात खोल' जाते म्हणून तीच घ्यावी, असे उत्तर पटकन सुचते. ते तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी पुस्तकाची जमेची बाजू. त्यामागे प्रयोग आहेत. माणूस स्वप्नात भानावर होता हे सिद्ध कसे करणार? स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलतात. म्हणून आधी ठरवून घेतल्याप्रमाणे झोपलेल्याने डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून खूण करायची. ही खूण १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी प्रथम नोंदवली. लाबर्ज यांनी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वतंत्रपणे तेच दाखवले. लक्षात घ्या, या पुराव्यात शब्दाला कोठेच जागा नाही.

मग वाक्याचे काम काय? पुस्तकाचे उत्तर मानसशास्त्राला धरून आहे. 'शाळेतून परतताना पत्र पेटीत टाकायचे' असे आपण सकाळी ठरवतो आणि वाटेत पेटी दिसताच ते आठवते. पुढे करायच्या गोष्टीची ही आठवण. ती पक्की होते 'पेटी दिसणे' आणि 'पत्र टाकणे' यांची मनात सांगड घातल्याने. 'पत्र, पत्र' असे शंभर वेळा पुटपुटल्याने नाही. तसेच येथे. स्वप्नातली विसंगती ही पेटी, आणि 'हे स्वप्न आहे' हे ओळखणे म्हणजे पत्र टाकणे. लेखक दिवसा करण्याचे सरावही याच तत्त्वावर देतात. तरीही पुस्तकात एक तयार वाक्य हाती पडते, आणि वाचक सांगड विसरून वाक्यच घोकू लागतो. 'मंत्र' हा शब्द त्यात भर घालतो. मंत्राचा उच्चार बदलून चालत नाही. या वाक्याचे उलटे आहे : शब्द बदलले तरी चालतात, अर्थ हरवला तर चालत नाही.

भाषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो इथे. इंग्रजी वाक्याचे शब्दशः मराठी करून पाहा. 'मी स्वप्न पाहत आहे' याचा आपल्याकडचा अर्थ बहुधा 'मला काहीतरी व्हायचे आहे' असा होतो. झोपेत आपल्याला स्वप्न पडते, आपण ते करत नाही. 'मला स्वप्न आठवेल' म्हटले तर सकाळी उठल्यावर ते सांगता येईल, असा अर्थ निघतो. पण हवे आहे ते स्वप्नात असतानाच कळणे. त्यासाठी मराठीत 'लक्षात येणे' आणि 'ओळखणे' हे सरळ शब्द आहेत. 'स्वप्न पडेल तेव्हा मी ते ओळखीन' या वाक्यात गोंधळ राहत नाही. अर्थात मराठी मंत्र इंग्रजीपेक्षा सामर्थ्यवान आहे, असे यातून सिद्ध होत नाही. वाक्य कोणत्याही भाषेतले असो, ते स्वतः रचलेले असावे, एवढेच सिद्ध होते.

आता 'अंतर्मनात खोल' या दाव्याकडे वळू. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या व्यक्तींच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. लहानपणी ऐकलेल्या दटावणीसारखी वाक्ये तुर्कीत ऐकताना ती इंग्रजीपेक्षा जास्त वाढली. म्हणजे मातृभाषा अंगाला अधिक भिडते, हे खरे. पण हा प्रयोग भावनेचा आहे, आठवण राहण्याचा नाही. शिवाय झोप लागण्याच्या क्षणी अंगाला भिडणारे वाक्य उपयोगीच पडेल असे नाही. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात डेनहोम ॲस्पी यांना असे दिसले, की लाबर्ज यांची पद्धत इतर दोन पद्धतींबरोबर वापरल्यास सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आले. मात्र वाक्य म्हणून झाल्यावर पाच मिनिटांच्या आत झोप लागली, त्या वेळी हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. कारण आणि परिणाम यांचा निवाडा या आकड्यांनी होत नाही. तरी जे वाक्य मनात भाषांतर करत बसायला लावते किंवा दचकवते, ते टाळावे असे म्हणायला जागा आहे.

याहून उपयोगी पुरावा आठवणींचा आहे. मारियन आणि नायसर यांनी २००० मध्ये अमेरिकेतील रशियन-इंग्रजी द्वैभाषिकांच्या मुलाखती घेतल्या. रशियनमध्ये विचारले तेव्हा रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त निघाल्या, इंग्रजीत विचारले तेव्हा इंग्रजी काळातल्या. आठवण आणि ती घडली ती भाषा एकमेकींना धरून असतात. यावरून एक तर्क करता येतो. ज्याच्या स्वप्नात वारंवार गावचे घर येते, त्याने घरच्या बोलीत वाक्य रचावे. ज्याच्या स्वप्नात कचेरी येते, त्याने कचेरीच्या भाषेत. निवड मातृभाषेच्या अभिमानाने करायची नाही, स्वप्नांची वही चाळून करायची. हा तर्क आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, हे विसरू नये.

पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र सावधपणे वाचावा. स्वप्नातून आरोग्य, स्वप्नातून जीवनाचा बोध, अशी प्रकरणे पुराव्याच्या बरीच पुढे धावतात. आणि शाळकरी मुलांना ही पद्धत मुळीच शिकवू नये, कारण ती मध्येच झोप मोडते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे.

वर्गात हाच प्रश्न दिवसाउजेडी तपासता येईल. तासाच्या सुरुवातीला मुलांना सांगा : 'मी पाणी हा शब्द फळ्यावर लिहीन तेव्हा वहीच्या कोपऱ्यात ठिपका काढा.' मग नेहमीचा पाठ शिकवा. एका आठवड्यात ही सूचना घरच्या बोलीत द्या, दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीत, आणि दुसऱ्या तुकडीत हा क्रम उलटा ठेवा. ठिपके मोजा. सूचना कळली होती का, हेही तासाअखेर विचारा. कळली नाही म्हणून विसरणे आणि कळूनही विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या वर्गात इंग्रजी व्याख्या तोंडपाठ होतात, पण मैदानावर चेंडू घरंगळताना घर्षण आठवत नाही, तिथे ही मोजणी अवश्य करावी. तिथेही वाक्याचा मंत्र झालेला असतो.